तीन सह्यांचा अर्ज

तारीख ९ ऑगस्ट १९३७. रक्कम रुपये पंच्याहत्तर. हजर तिघे: मी, माझा धाकटा भाऊ आणि बेळगावच्या खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर बसणारा दलाल. रक्कम द्यायला म्हणून आम्ही निपाणीहून आलो होतो. ती दिली नाही.

धाकट्याला आफ्रिकेत जायचे होते. नैरोबीच्या अलीकडे एका रेल्वेठाण्याजवळ लाकूड कापायची गिरणी होती आणि तिथे हिशेबनिसाची जागा रिकामी होती. मच्छे गावचा एक मुलगा, धाकट्याचा शाळेतला सोबती, तिथे दोन वर्षांपूर्वी पोचला होता. त्याने मालकाकडे शब्द टाकला आणि मालकाचे पत्र आले. पगार निपाणीतल्या पगाराच्या चौपट होता. पत्राच्या शेवटी लिहिले होते की जानेवारीअखेर माणूस इथे हजर पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तिथे उतरून नोकरी करायची तर पासपोर्ट पाहिजे, त्यावर परवानगीचा शिक्का पाहिजे, आणि परतभाड्याचा जामीन पाहिजे, एवढे आम्हाला कळले होते. ते कसे मिळवायचे हे कळले नव्हते. म्हणून दलाल.

दलाल पान लावत म्हणाला, "पंच्याहत्तरात समदं आलं. अर्ज, दाखला, जामीन. तुमी घरला जाऊन निवांत झोपा."

"जामीन कोण राहणार?" मी विचारले.

"हाय की आमचा एक माणूस. धा जणांला जामीन हाय त्यो."

"आणि अर्जात काय लिहिणार?"

"ते आमच्याकडं लागलं. ह्यानं फकस्त हितं सही करायची." त्याने दोन कागद पुढे सरकवले. दोन्ही कोरे.

मी ते कागद उलटे करून पाहिले. पाठीमागेही काही नव्हते. मी म्हणालो, "कोऱ्या कागदावर आमच्या घरात कुणी सही करत न्हाय."

"मग पोरगं बी घरातच ऱ्हाईल," दलाल म्हणाला, आणि पान तोंडात घातले.

जिन्यावरून उतरताना धाकट्याने विचारले, "अण्णा, आता?"

"आता आपणच लिहायचं."

"तुमाला येतंय?"

"फॉर्मवर प्रश्न असतात. प्रश्न वाचायचा, खरं उत्तर लिहायचं. त्यात काय येतंय आणि काय न्हाय येतंय?"

तो हसला. तो लगेच हसायचा. "खरं लिवायला पंच्याहत्तर पडत न्हाईत म्हंता? बघू."

धाकटा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आमचे गाव जांबोटीच्या पुढे, रानात. आई आणि वडील एकाच साली गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी तेव्हा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. त्याला घेऊन आलो, शाळेत घातला आणि पुढे माझ्याच वखारीत माझ्या शेजारी बसवला. माझे लग्न झाले तेव्हा बायकोला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हा घरात आहे आणि राहणार. आम्हाला मूल झाले नाही. तो जाऊ नये असे मला वाटत होते. त्या वेळी मी हे कुणालाही बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

फॉर्म इंग्रजीत होता. एका वकिलाच्या कारकुनाकडून मी दोन फॉर्म आणि एक जुना कोश मागून आणला. आधी सगळ्या फॉर्मची पेन्सिलीने नक्कल केली. ती भरून, तपासून, मग मूळ भरायचे ठरवले. नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव, धंदा हे सरळ होते. मग उंची होती. वखारीत तराजू टांगतात त्या खांबाला त्याला पाठ लावून उभे केले, डोक्यावर पाटी टेकवून खूण केली आणि टेपने मोजली. पाच फूट साडेपाच इंच. माल तोलणारा तोलार बघत होता. तो म्हणाला, "वजन बी करू काय? बोदाच्या भावानं लावू." बोद म्हणजे तंबाखू दाबून भरलेले मोठे पोते. धाकटा म्हणाला, "मामा, मला भिजवून वजन करू नगा म्हंजे झालं." हा टोमणा होता, कारण वजन वाढावे म्हणून काही लोक पानावर पाणी मारून आणत आणि तोलार ते चालवून घेई. तोलार लाजला.

त्यानंतरचा प्रश्न होता डोळ्यांचा रंग. पंधरा वर्षे तो माझ्या ताटाशेजारी जेवत होता आणि मला त्याच्या डोळ्यांचा रंग सांगता येईना. काळा लिहावा तर खात्री नाही. त्याला दारात उजेडाकडे तोंड करून उभा केला.

"हलू नकोस."

"हलत न्हाय. लवकर बघा, ऊन लागतंय."

"काळे न्हाईत."

बायको चुलीपुढून उठून आली, वाकून बघितले. "चहाच्या रंगाचं हायत की. दूध घालायच्या आदीच्या."

मी कोशात शब्द शोधून तपकिरी असे लिहिले. त्याखाली ओळखीची खूण विचारली होती. डाव्या भुवईवर वण. तो वण कसा पडला हे फॉर्मने विचारले नव्हते. तो चार वर्षांचा असताना गावच्या जत्रेत माझ्या खांद्यावर बसला होता. मी वळून कुणाशी तरी बोलायला लागलो आणि तो दगडी पायरीवर पडला. अर्जात एवढेच लिहिले की वण आहे.

जन्माचा आणि रहिवासाचा दाखला गावच्या पाटलाकडून आणायचा होता. ऑगस्टचेच दिवस, रानात पाऊस धरलेला. बेळगावहून लाकडे आणायला निघालेल्या एका मोटारीने आम्हाला जांबोटीपर्यंत सोडले आणि पुढे आठ मैल पायी. त्या वाटेवर पावसात जळवा फार. धाकट्याने वखारीतून तंबाखूची पूड फडक्यात बांधून आणली होती. ते फडके भिजवून तो दर अर्ध्या मैलाला माझ्या घोट्याला लावी, मग स्वतःच्या. जळू गळून पडे. "बघा अण्णा," तो म्हणे, "निपाणीचा माल. जळवांला बी झेपत न्हाय." ओढ्याला कमरेइतके पाणी होते. लहानपणी हाच ओढा मी त्याला पाठीवर घेऊन ओलांडला होता. आता तो आधी उतरला, पाय रोवून उभा राहिला आणि माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. पलीकडे गेल्यावर लगेच सोडला. आज वाटते, थोडे पुढे जाऊन सोडायला हरकत नव्हती.

पाटील म्हातारे होते, वडिलांना ओळखत होते. दाखला लिहिता लिहिता त्यांनी विचारले, "कुठं धाडतोस म्हणालास?"

"आफ्रिकेला."

"तिकडं भात पिकतंय काय?"

"ठाऊक न्हाय."

"मग कशाला धाडतोस रं? ठाऊक नसलेल्या ठिकाणी बैल बी धाडत न्हाय माणूस."

धाकटा म्हणाला, "पाटील, तिकडं सिंह हायत म्हणत्यात. बैल कसा धाडणार?" पाटील खोकेपर्यंत हसले आणि त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. जाताना आठ मैल, येताना आठ मैल. त्या सोळा मैलांत आम्ही जेवढे बोललो तेवढे पुढे नऊ वर्षांच्या पत्रांत बोललो नाही. पत्रात तो प्रकृती, पाऊस, पगार लिहितो. मीही तेच लिहितो.

जामिनाला कोण राहणार हा प्रश्न होता. वखारीच्या मालकाला विचारणे बरे नव्हते, त्यांचा माणूस जात होता. चिकोडीकडचे एक जैन व्यापारी आमच्या वखारीत माल आणत. घरी कानडी, बाजारात कामापुरते मराठी, वाचायला लिहायला फक्त कानडी. त्यांना सगळे सावकार म्हणत. ते आपण होऊन म्हणाले, "ह्या पोरानं सात वर्सांत माझ्या एका चिट्ठीत एक शेर इकडं तिकडं केला न्हाय. मी ऱ्हातो."

आता वखारीतली एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण घोटाळा तिच्यातून झाला. आमच्याकडे माल चारी बाजूंनी येई. चिकोडी, रायबागकडचे शेतकरी कानडी वाचत. कागल, गडहिंग्लजकडचे मराठी, आणि जुने लोक मोडी. मोठ्या व्यापाऱ्यांची पत्रे इंग्रजीत. वजनाची चिठ्ठी ज्याची त्याच्या लिपीत द्यायची, म्हणजे घरी गेल्यावर त्याला ती स्वतः वाचता येईल. आणि खाली कारकुनाने सही करायची तीही त्याच लिपीत, म्हणजे चिठ्ठी कुणी दिली हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागणार नाही. हा नियम मी धाकट्याला पहिल्या दिवशी शिकवला होता. कागद ज्याच्या हातात जाणार, सही त्याला वाचता आली पाहिजे. सात वर्षे त्याने तेच केले. त्याच्या तिन्ही सह्या सुरेख होत्या. मोडीतली एका झटक्यात, कानडीतली गोल गोल, इंग्रजीतली थोडी डावीकडे झुकलेली.

तर अर्ज बेळगावच्या कचेरीत द्यायचा. तिथले हेडक्लार्क मराठी, जुन्या वळणाचे. त्याने मोडीत सही केली. जामीनखत सावकारांच्या समोर झाले, त्याची एक प्रत त्यांच्या घरी राहायची. कानडीत सही केली. गिरणीच्या मालकाचे करारपत्र इंग्रजीत होते, तिथे इंग्रजीत. तिन्ही वेळा मी शेजारी होतो. तिन्ही वेळा मला वाटले, शिकवले ते पोराने लक्षात ठेवले.

सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज दाखल केला. हेडक्लार्कांनी जोडकागद मोजले, काही कमी नाही म्हणाले. तिथून तो मुंबईला गेला.

दिवाळीला धाकट्याने वखारीतली जागा सोडली. नवीन कारकून आला. धाकटा पगाराशिवाय रोज दोन तास जाऊन त्याला काम शिकवी. उरलेल्या वेळात घराची कामे काढून बसे. मागच्या दाराची कडी बदलली. गळकी कौले फिरवली. मग परसात वर्षभराचे सरपण फोडायला घेतले. मी म्हणालो, "एवढं कशाला?" तर म्हणाला, "तुमचा हात कुऱ्हाडीला चालत न्हाय अण्णा. वहिनी फोडत बसतील."

मुंबईचे पत्र १२ नोव्हेंबरला आले. ते वखारीच्या पत्त्यावर, माझ्या हातात आले. त्यात लिहिले होते की अर्जावरची, जामीनखतावरची आणि करारपत्रावरची सही तीन वेगळ्या माणसांची दिसते. अर्जदार कोण आहे याचा खुलासा मॅजिस्ट्रेटसमोर करून तीस दिवसांत पाठवावा. न आल्यास अर्ज निकालात काढला जाईल.

मी पत्र दोनदा वाचले, घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. संध्याकाळी घरी गेलो. परसातून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. तो थांबला आणि धाकट्याने आतून विचारले, "अण्णा, मुंबईचं काय आलं?"

"न्हाय अजून," मी म्हणालो.

असे अकरा दिवस गेले. रोज तो विचारी, रोज मी तेच सांगे. मी मनाशी हिशेब केला होता. तीस दिवस गेले की प्रश्न आपोआप मिटतो. कुणी अडवले असे होत नाही. जागा दुसऱ्याला जाते, नवीन कारकून तसा कच्चाच होता, मालक धाकट्याला परत घेतील. मी त्याला जाऊ नको म्हणालो नव्हतो, कुठे खोटे लिहिले नव्हते. फक्त एक पत्र खिशात होते. असे मी स्वतःला समजावत होतो, पण "न्हाय अजून" हे दोन शब्द खोटे होते आणि ते मी अकरा वेळा बोललो होतो. रोज परसातला ढीग वाढत होता. धाकटा जाण्याची तयारी करत होता, आणि मला ती त्याच्या राहण्याची वाटत होती.

बाराव्या दिवशी सकाळी बायकोने कोट धुवायला घेतला. तिला वाचता येत नाही, पण सरकारी शिक्का ओळखता येतो. पाकीट हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"कवा आलंय हे?"

"झाले अकरा दिवस."

"आणि भावजी रोज इचारत्यात."

मी तिच्या हातातून पाकीट घेतले.

"त्यास्नी कोंडून ठेवायचं आसंल तर दाराला कडी घाला की. खिशाला कशाला घातलीसा?" मग तिचा आवाज उतरला. "मला काय वाटत न्हाय व्हय? भावजी गेल्यावर ह्या घरात हसणार कोण? तुमी?"

मी परसात गेलो. धाकटा ओंडक्यावर पाय ठेवून कुऱ्हाडीचा दांडा ठोकत होता. पत्र त्याच्या हातात दिले. त्याने उभ्या उभ्या वाचले. तो वखारीत तयार झालेला माणूस, त्याने आधी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला.

"बारा तारखेचं हाय," तो म्हणाला.

"व्हय."

पुढे विचारील म्हणून मी थांबलो. त्याने विचारले नाही. पत्राची घडी परत केली आणि एकदम हसला. "अण्णा, तीन माणसं म्हणत्यात! तुमीच शिकवलंसा की."

"व्हय, मीच शिकवलं."

"मग उद्या जाऊ बेळगावला. तिघं बी जाऊ."

सावकारांना निरोप धाडला. ते आपले काम टाकून सकाळच्या सर्व्हिस मोटारीला आले. २४ तारखेला आम्ही कचेरीत हेडक्लार्कांसमोर उभे राहिलो. त्यांनी पत्र वाचून चष्मा वर केला.

"तीन भाऊ एका तिकिटात पाठवताय काय?"

"रावसाहेब, माणूस एकच आहे," मी म्हणालो आणि वखारीची पद्धत सांगितली. ज्याला कागद जाणार त्याला सही वाचता यावी, म्हणून.

ते माझ्याकडे बघत राहिले. "अहो, सही वाचायची नसते. ओळखायची असते. माणूस कुठेही उभा राहिला तरी एकच दिसला पाहिजे."

मला हे पस्तिसाव्या वर्षी कळले. लाज वाटली, कारण कोऱ्या कागदाला नाही म्हणून दलालाच्या माडीवरून मी ताठ मानेने उतरलो होतो. पण खरे सांगायचे तर तो नियम मला अजून चुकीचा वाटत नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी धाकट्याला खुर्ची दिली आणि एका कागदावर तिन्ही सह्या पाच पाच वेळा करायला सांगितल्या. तो करत गेला. मोडी, कानडी, इंग्रजी, पुन्हा मोडी. साहेब टेबलावर वाकून बघत होते. पंधरावी सही झाली तेव्हा ते म्हणाले, "पुरे. हात एकच आहे." मग साक्ष म्हणून सावकारांना विचारले, याला ओळखता का. सावकार ताठ उभे राहिले आणि घाईत मराठी विसरून कानडीत म्हणाले, "नम्म हुडगा री." आमचाच मुलगा आहे. हेडक्लार्कांनी ते तसेच मराठीत उतरवून घेतले.

शेवटी माझी पाळी. तिन्ही सह्या माझ्या भावाच्या आहेत असे शपथेवर लिहून द्यायचे होते. ते झाले. तेवढ्यात हेडक्लार्क म्हणाले, "मुंबईचं पत्र कधी मिळालं?"

"बारा नोव्हेंबर."

"आज चोवीस. इतके दिवस काय केलंत? उशिराचं कारण लिहावं लागेल."

खरे कारण माझ्याकडे होते, ते एका ओळीत लिहिता आले असते. शेजारून धाकटा म्हणाला, "मी गावाला गेलतो रावसाहेब, जांबोटीकडं. अण्णा माझी वाट बघत हुते."

तो सहज बोलला, माझ्याकडे न बघता. सावकारांना ठाऊक होते की तो त्या दिवसांत निपाणी सोडून कुठे गेला नव्हता, कारण त्याच आठवड्यात त्यांनी त्याला वखारीत बघितले होते. त्यांनी खिडकीबाहेर नजर वळवली. हेडक्लार्कांनी लिहिले, अर्जदार परगावी असल्याने विलंब. आणि कागद माझ्यापुढे केला. मी सही केली. सगळ्या अर्जात, जोडकागदांसकट, तेवढे एक वाक्य खोटे आहे आणि ते माझ्या सहीखाली आहे.

त्याने ते अकरा दिवस मला कधीच विचारले नाहीत. परतीच्या मोटारीत नाही, पुढे पत्रांतून नाही. लढाईत टपाल आठ आठ महिने उशिरा येई आणि कुणी तरी फोडून चिकटवलेले असे. तेव्हा मी प्रत्येक पत्र उघडताना बघे, या वेळी विचारले असेल का. गेल्या वर्षी लढाई संपून बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्याने लिहिले, येतो. मग लिहिले, गिरणी वाढली आहे, या वर्षी जमत नाही. त्याने तिथेच लग्न केले आहे. आपल्या लहान मुलीचा फोटो पाठवला आहे. काळापांढरा फोटो, डोळ्यांचा रंग कळत नाही. मी पत्रात तो विचारायला बसतो आणि बाकीचे लिहून होते. बायको म्हणते, विचारा की एकदा. मी म्हणतो, पुढच्या पत्रात.

पासपोर्ट जानेवारीच्या तीन तारखेला आला. बोट मुरगावहून चौदा तारखेला होती, आणि तिकडे पोचायला तेरा दिवस. महिनाअखेरीला चार दिवस शिल्लक राहत होते. त्यानंतरची बोट धरली असती तर जागा गेली होती. बेळगावहून रेल्वेने लोंढ्याला, तिथून घाट उतरून पोर्तुगीज हद्दीत. कुळे स्टेशनावर त्यांच्या शिपायांनी ट्रंक उघडायला लावली. वर बायकोने दिलेले चटणीचे दोन डबे होते. शिपायाने एक उघडून वास घेतला, शिंकला आणि बंद केला. धाकटा हसला. मीही हसलो.

धक्क्यावर त्याने वाकून नमस्कार केला. "वहिनींना सांगा, सरपण वरच्या बाजूनं काढायचं. खालचं अजून ओलं हाय."

"सांगतो."

"आणि तुमी कुऱ्हाड धरू नगा."

"न्हाय धरत."

तो शिडीवरून वर गेला. तिसऱ्या वर्गाच्या लोकांची जागा बोटीच्या पलीकडच्या, समुद्राच्या अंगाला होती. धक्क्यावरून फक्त काळा पत्रा दिसत होता. बोट सुटायला किती वेळ आहे विचारले तर कुणी दोन वाजता म्हणे, कुणी पाच. माल चढवणे चालू होते. माझी परतीची गाडी संध्याकाळी होती. स्टेशनात जाऊन बसावे असा विचार केला, पण खाली पाण्यात एक नावाडी आपल्या होडीत जाळे सोडवत बसला होता त्याच्याकडे गेलो. त्या बाजूला नेऊन उभा राहशील का, म्हणून विचारले. तासाला आठ आणे ठरले. त्या वेळी सव्वादोन वाजले होते.

होडी वळसा घालून गेली तेव्हा धाकटा कठड्याशीच होता. त्याने मला लगेच बघितले. टोपी काढून हलवली. मीही हात वर केला. बोलणे ऐकू जाण्यासारखे अंतर नव्हते. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून काही तरी ओरडून सांगितले, मी मान हलवली, पण कळले नव्हते. त्यानंतर आम्ही नुसते बघत राहिलो. मधून तो आत जाई, पुन्हा येई, आणि आधी मी आहे का ते बघे.

नावाडी होडी जागेवर धरून होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "भाव तुमचो?"

"हो."

"म्हजोय एक भाव तारवार आसा." त्याचाही एक भाऊ असाच जहाजावर गेलेला.

"येतो का परत?"

नावाड्याने वल्हे पाण्यात बुडवले, बाहेर काढले. "कागद येता," तो म्हणाला.

पाच वाजून गेल्यावर बोटीने भोंगा दिला आणि ती हलली. लाटेने आमची होडी वर खाली होऊ लागली. धाकटा कठड्यावरून पुढे वाकला होता. मग माणसे एकसारखी दिसू लागली आणि त्यांतला तो कोणता हे मला सांगता येईना. तरी मी हात खाली घेतला नाही.

"पात्रांव," नावाडी मला मालक म्हणून हाक मारत हळू म्हणाला, "आगबोट गेली. परत वचूंया?"

"थोडं थांब," मी म्हणालो. तो थांबला.

धक्क्याला लागलो तेव्हा पावणेसहा झाले होते आणि माझी गाडी गेली होती. साडेतीन तासांचे एक रुपया बारा आणे झाले. ते मी नावाड्याला दिले.